घटक ७ : प्रकल्प-प्रदर्शनासाठी भित्तिपत्रक : भाषा आणि मांडणी

७.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला प्रकल्पाच्या निष्कर्षातून भित्तिपत्रकाचे शीर्षक तयार करता येईल; भित्तिपत्रकात सर्वनामे, क्रियापदांची रूपे आणि ओळींची तोड यांची निवड विचारपूर्वक करता येईल; आणि देवनागरी लिपीच्या गरजा ध्यानात घेऊन अक्षरांचा आकार व अंतर ठरवता येईल.

७.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, व्यावहारिक मराठीच्या या अभ्यासक्रमात आपण आतापर्यंत निवेदन, इतिवृत्त, अहवाल अशा लेखनप्रकारांचा परिचय करून घेतला. त्या सर्वांत एक गोष्ट समान होती. वाचक बसलेला असतो, मजकूर त्याच्या हाती असतो आणि न कळलेले वाक्य त्याला पुन्हा वाचता येते. भित्तिपत्रकाचा वाचक उभा असतो, बहुधा चालत असतो, त्याच्या मागे गर्दी असते आणि शेजारच्या पत्रकाकडे त्याचे अर्धे लक्ष गेलेले असते. या वाचकासाठी लिहिणे हे अहवाललेखनाहून सोपे काम आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे.

आपल्यापैकी अनेकजण एखाद्या युवक मंडळाशी, महिला मंडळाशी किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाशी संबंधित असतील. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. नेहरू युवा केंद्रांची स्थापना १९७२ ची. या दोन्ही योजनांमुळे गावोगावच्या तरुणांनी सर्वेक्षण करावे, नोंदी ठेवाव्यात आणि वर्षाअखेरीस त्या गावापुढे मांडाव्यात, ही प्रथा महाराष्ट्रात चांगली रुजली. सर्वेक्षण कसे करावे याचे मार्गदर्शन थोडेफार मिळते. मांडावे कसे, हे मात्र ‘ज्याचे अक्षर चांगले त्याने लिहावे’ एवढ्यावरच सोडून दिले जाते.

७.३ विषय-विवेचन

७.३.१ एक प्रसंग

काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रदर्शनाला मी परीक्षक म्हणून गेले होते. शाळेच्या व्हरांड्यात सुतळ्या बांधून चौदा-पंधरा मंडळांची पत्रके टांगलेली होती. त्यांतील एका मंडळाने आपल्या गावातील छत्तीस विहिरींच्या पाण्याची पातळी वर्षभर, दर महिन्याच्या पंधरा तारखेला, दोरीला दगड बांधून मोजली होती. इतके चिकाटीचे काम त्या व्हरांड्यात दुसरे नव्हते. पत्रकाचे शीर्षक होते : ‘भूजल पातळीतील ऋतुमानानुसार होणाऱ्या चढउतारांचे अवलोकन व विश्लेषण’. खाली तीन परिच्छेद आणि छत्तीस ओळी, बारा स्तंभांचा एक तक्ता. अक्षर वळणदार होते, परंतु हातभर अंतरावरूनच वाचता येईल इतके बारीक.

दुपारी गावातील काही मंडळी आली. त्यांत एक आजीबाई होत्या. त्या तक्त्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग जवळच्या मुलाला त्यांनी विचारले, “आमची हिर यात कुठं हाय रं, बाळा?” मुलाने तक्त्यावर बोट फिरवले. विहिरींना क्रमांक दिलेले होते, नावे नव्हती. कोणता क्रमांक कोणाचा, हे एका वहीत होते आणि ती वही घरी राहिली होती. आजीबाईंनी मान हलवली आणि त्या पुढे गेल्या. दर महिन्याला त्या मुलाला आपल्या विहिरीवर दोरी सोडू देणाऱ्या त्याच होत्या, हे मला नंतर कळले.

त्या पत्रकाला मी क्रमांक दिला नाही. पहिला क्रमांक चमकत्या कागदाच्या, भरपूर चित्रांच्या, पण फारसे काही न सांगणाऱ्या एका पत्रकाला गेला. निर्णय मांडणीच्या निकषावर नियमाप्रमाणे होता. तरी तो मला अद्याप सलतो. या घटकात आपण तेच पत्रक पुन्हा तयार करणार आहोत. मूळ आकडे माझ्याजवळ नाहीत, म्हणून पुढील आकडे उदाहरणापुरते कल्पिलेले आहेत.

७.३.२ शीर्षक : विषय नव्हे, विधान

‘अवलोकन’, ‘विश्लेषण’, ‘एक अभ्यास’, ‘समस्या आणि उपाय’ ही शब्दयोजना आपण पाठ्यपुस्तकांतून आणि शासकीय पत्रव्यवहारातून उचलतो. तिचे व्याकरणिक वैशिष्ट्य असे की, तीत क्रियापद उरतच नाही. ‘पातळी उतरली’ या विधानातील क्रिया ‘पातळीतील उतार’ अशा नामात गोठते. मग ‘उताराचे अवलोकन’, ‘अवलोकनाचे विश्लेषण’ अशी षष्ठीची साखळी तयार होते. कोणी काय केले, काय घडले, हे तिच्यातून निघून जाते. अहवालाच्या मुखपृष्ठावर हे एक वेळ चालेल. भिंतीवर चालत नाही, कारण वाचकाने शीर्षक वाचून पुढे सरकायचे ठरवले, तर त्याच्या हाती काहीच लागत नाही.

म्हणून शीर्षक लिहिण्यापूर्वी मंडळातील प्रत्येकाने एका प्रश्नाचे तोंडी उत्तर द्यावे : ‘वर्षभर मोजून तुम्हांला काय आढळले?’ लेखी नव्हे, तोंडीच. बोलताना मनुष्य सहसा ‘अवलोकन’ म्हणत नाही. तो म्हणतो, “एप्रिलात निम्म्याहून जास्त विहिरी आटल्या की!” या उद्गारात शीर्षक दडलेले आहे. त्याला आकड्यांची जोड द्या :

एप्रिलमध्ये ३६ पैकी
२१ विहिरी कोरड्या

‘आहेत’ किंवा ‘होत्या’ हे क्रियापद येथे गाळले आहे. मराठीत अशा वाक्यांतील ‘असणे’चे रूप संदर्भाने कळत असेल, तर गाळता येते आणि तरीही विधान पूर्ण राहते. वृत्तपत्रांचे मथळे याच सवलतीवर उभे असतात. ‘अवलोकन’ आणि ‘कोरड्या’ या दोन्ही रचनांत क्रियापद दिसत नाही हे खरे. पण पहिल्या रचनेत सांगण्याजोगे काही नाही आणि दुसरीत विधेय शाबूत आहे. हा भेद नीट ध्यानात ठेवावा.

७.३.३ ‘आम्ही’ आणि ‘आपण’

मराठीला उत्तमपुरुषाच्या अनेकवचनासाठी दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा वगळला जातो, ‘आपण’मध्ये तो सामावला जातो. भाषाविज्ञानात यांना अनुक्रमे व्यावर्तक आणि समावेशक रूपे म्हणतात. इंग्रजीत हा भेद नाही, संस्कृतातही नव्हता. मराठीत तो द्रविड भाषांच्या दीर्घ सहवासातून आला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. ते काही असो, भित्तिपत्रक लिहिणाऱ्याच्या हाती हे एक नेमके साधन आहे आणि बहुतेक मंडळे ते वाया घालवतात.

पुढील दोन वाक्ये पाहा. ‘आम्ही वर्षभर विहिरी मोजल्या.’ ‘आपल्या २१ विहिरी एप्रिलमध्ये कोरड्या होत्या.’ पहिल्यात काम करणाऱ्यांची जबाबदारी आहे. मोजणीत चूक असेल, तर ती मंडळाची. दुसऱ्यात विहिरी सर्वांच्या आहेत. पाहणारा त्या वाक्याच्या आत उभा आहे. आता यांची अदलाबदल करून पाहा. ‘आपण वर्षभर विहिरी मोजल्या’ हे खरे नाही. ‘आमच्या २१ विहिरी कोरड्या होत्या’ असे लिहिले, तर पाहणारा मनात म्हणेल, असतील तुमच्या. कामाचे वर्णन ‘आम्ही’ने आणि प्रश्नाचे वर्णन ‘आपण’ने करावे, एवढा नियम पाळला तरी पत्रकाचा सूर बदलतो.

क्रियापदांच्या रूपांबाबतही असाच विचार करावा लागतो. ‘पाणी जपून वापरा’ हा आज्ञार्थ आहे, ‘पाणी जपून वापरावे’ हा विध्यर्थ, तर ‘पाणी जपून वापरू या’ यात बोलणारा स्वतःलाही बांधून घेतो. वीस वर्षांच्या मुलांनी वडीलधाऱ्यांना भिंतीवरून आज्ञा करणे गावात रुचत नाही. आज्ञार्थ अनेकवचनी, म्हणजे आदरार्थीच असला, तरी त्यातील उपदेश लपत नाही. ‘वापरावे’ हे रूप सरकारी फलकांवर इतके झिजले आहे की, ते आता डोळ्यांना दिसतही नाही. माझे मत विचाराल, तर प्रकल्पाच्या पत्रकावर उपदेशाची गरजच क्वचित असते. आकडा नीट मांडला की, पुढचे पाहणारा स्वतःच बोलतो. उपदेश करायचाच असेल, तर ‘-ऊ या’ हे रूप घ्यावे आणि एकदाच.

७.३.४ ओळ कोठे तोडावी

मराठीत आज्ञार्थी नकार क्रियापदानंतर येतो : ‘टाकू नका’, ‘जाऊ नये’. ही साधी बाब भिंतीवर घोटाळा करू शकते. एका फलकावर जागा न पुरल्यामुळे मजकूर असा तुटला होता :

उघड्यावर कचरा टाकू
नका, कुंडीत टाका

रस्त्याने जाणाऱ्याने पहिली ओळच वाचली, तर त्याच्यापर्यंत निमंत्रण पोहोचते. नकार आणि त्याचे क्रियापद एकाच ओळीत ठेवावे, हा पहिला उपाय. दुसरा आणि अधिक चांगला उपाय म्हणजे होकारार्थी रचना : ‘कचरा कुंडीतच टाकू या’.

याच न्यायाने संख्या आणि तिचे नाम (‘२१ विहिरी’), विशेषण आणि विशेष्य, सामासिक शब्दाचे दोन घटक यांची ताटातूट करू नये. शब्द मध्येच तोडून पुढच्या ओळीवर नेणे तर पूर्णपणे वर्ज्य समजावे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येत असल्यामुळे ‘विहिरींमधल्यापेक्षाही’ अशी लांब रूपे सहज तयार होतात. ती तोडायची नाहीत, वाक्यच बदलायचे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न १

(अ) ‘ग्रामीण भागातील मुलींच्या शालेय गळतीच्या कारणांचा अभ्यास’ या शीर्षकात कोणकोणत्या क्रिया नामांत गोठल्या आहेत, ते शोधा.
(आ) ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची अदलाबदल केल्यास अर्थ बदलेल अशी दोन वाक्ये आपल्या गावातील फलकांवरून टिपून घ्या.

७.३.५ देवनागरी अक्षराची जागा

भित्तिपत्रकासंबंधीचे बरेचसे मार्गदर्शन मुळात रोमन लिपी समोर ठेवून केलेले असते. ते जसेच्या तसे देवनागरीला लागू पडत नाही. रोमन लिपीत शीर्षक मोठ्या लिपीतील अक्षरांत लिहून उठाव देता येतो. देवनागरीत मोठी-लहान अशी दोन अक्षरकुळे नाहीत. उठाव द्यायचा तर जाडी, आकार किंवा रंग यांनीच. शब्दांखाली रेघ ओढण्याची सवय मात्र सोडावी. ती उकार, ऋकार आणि जोडाक्षरांच्या पायांना छेदते आणि शिरोरेषेशी स्पर्धा करते.

दुसरी बाब उंचीची. ‘विहिरींत’ या शब्दात शिरोरेषेच्या वर वेलांट्या, रफार नसला तरी अनुस्वार, आणि ‘कुंडी’त वर अनुस्वार-वेलांटी व खाली उकार, असा मजकूर तीन मजल्यांवर वसलेला असतो. दोन ओळींतील अंतर कमी ठेवले, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतात. हाताने लिहिताना अक्षराची उंची जेवढी, त्याच्या साधारण पाऊणपट मोकळी जागा दोन ओळींत सोडावी. संगणकावर काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. मुद्रणातील ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. परंतु या मापात वरच्या मात्रा व खालचे उकारही धरलेले असतात. त्यामुळे ७२ पॉइंटचा ‘क’ कागदावर एक इंचाचा येत नाही, बराच लहान येतो. छापून घेण्यापूर्वी एक शब्द प्रत्यक्ष आकारात काढून पट्टीने मोजावा.

किती अंतरावरून किती मोठे अक्षर लागते? फलकलेखनात एक ढोबळ हिशेब वापरतात : दहा फुटांवरून सुखाने वाचायचे असेल, तर अक्षर इंचभर उंच हवे. प्रदर्शनात मनुष्य थांबावा असे वाटत असेल, तर शीर्षक दोन इंचांचे करावे, उपशीर्षके एक इंचाची, जवळ आल्यावर वाचायचा मजकूर अर्ध्या इंचाचा. आता आपले पत्रक पाहू. दुकानात मिळणारा कार्डशीट कागद साधारण २२ × २८ इंच असतो. तो उभा धरला आणि दोन्ही बाजूंना एकेक इंच कड सोडली, तर वीस इंच उरतात. दोन इंच उंच अक्षर सरासरी दीड इंच रुंद धरल्यास एका ओळीत तेरा अक्षरे मावतात. ‘एप्रिलमध्ये ३६ पैकी’ यात मोकळ्या जागा धरून अकरा, ‘२१ विहिरी कोरड्या’ यात दहा. शीर्षक दोन ओळींत बसले. मूळ शीर्षक या आकारात लिहायचे झाले असते, तर त्याला तीन-चार ओळी आणि निम्मा कागद लागला असता. गावातले जुने पेंटर हा हिशेब बोटांवर करतात. खडूने दोन आडव्या रेघा मारून, मधल्या अक्षरापासून दोन्हीकडे मोजत जातात. ती पद्धत आजही सर्वांत खात्रीची आहे. त्यांच्या कामाकडे कारागिरी म्हणून पाहण्याची आपली सवय आहे, परंतु मराठी अक्षराची समज ज्यांनी जनमानसात रुजवली त्यांत या पेंटरांचा वाटा मोठा आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवत, आणि पुढे मराठी नाटकांच्या जाहिरातींना कमल शेडगे यांच्या अक्षरांनी चेहरा दिला. नाटकाचे नाव वाचण्याआधीच त्याची प्रकृती कळावी, अशी ती अक्षरे असत.

संगणकीय अक्षरांसाठी ‘मुक्त’ किंवा ‘बालू’ यांसारखे विनामूल्य युनिकोड फाँट वापरता येतात. ते मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे आहेत. ‘ल’ आणि ‘श’ यांकडे विशेष लक्ष द्यावे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाणित वर्णमाला ठरवली. तीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ स्वीकारले आहेत. अनेक फाँट मूळ हिंदीसाठी घडवलेले असल्याने त्यांत या अक्षरांची हिंदीतील वळणे येतात. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ आणि ‘सूर्या’मधला ‘र्या’ वेगळे उमटतात का, हेही एकदा पाहून घ्यावे. छापखान्यात नेताना मजकूर पीडीएफ करूनच न्यावा. अन्यथा तेथील संगणकावर फाँट बदलतो, जोडाक्षरे फुटतात आणि पाय मोडलेल्या अक्षरांचे पत्रक हाती येते.

७.३.६ तक्त्याऐवजी नकाशा

आता त्या आजीबाईंच्या प्रश्नाकडे येऊ. छत्तीस ओळींचा तक्ता खोटा नव्हता, अपूर्णही नव्हता. तो फक्त मोजणाऱ्यांच्या सोयीचा होता. पाहणाऱ्यांना गाव तक्त्यात दिसत नाही. त्यांना ओढा, देऊळ, शाळा, वरची वस्ती आणि खालची वस्ती दिसते. म्हणून शीर्षकाखाली गावाचा साधा नकाशा काढावा. ओढा एका निळ्या रेषेने, देऊळ आणि शाळा दोन लहान खुणांनी. प्रत्येक विहिरीच्या जागी रुपयाच्या नाण्याएवढे वर्तुळ. एप्रिलमध्ये पाणी असलेल्या पंधरा विहिरी गडद निळ्या भराव्यात, कोरड्या एकवीस नुसत्या कडेच्या ठेवाव्यात. प्रत्येक वर्तुळाखाली त्या विहिरीचे नाव, गावात जे बोलले जाते तेच : ‘देवळाची’, ‘चिंचेखालची’, ‘पाटलांची’. खासगी विहिरीचे नाव घालण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी. आणि ती तोंडी नव्हे, पत्रकाचा खर्डा दाखवून घ्यावी.

भरलेले आणि रिकामे असा भेद केल्यामुळे रंगावर सगळा भार पडत नाही. तांबडे म्हणजे कोरडे, हिरवे म्हणजे पाणी असा संकेत करण्याचा मोह होतो. परंतु हे दोन रंग वेगळे न दिसणारी माणसे प्रत्येक गावात असतात, पुरुषांत विशेषतः. पांढऱ्यावर पिवळी अक्षरे कोणालाच दिसत नाहीत.

असा नकाशा झाला की, तक्त्याने लपवलेली एक गोष्ट आपोआप पुढे येऊ शकते. समजा, रिकामी वर्तुळे बहुतेक वरच्या वस्तीकडे आणि भरलेली ओढ्यालगत दिसली. मंडळाने हा निष्कर्ष कदाचित काढलाही नसेल. पण भिंतीसमोर उभे राहून गावकरी त्यावर बोलू लागतील, कोणाचे पंप किती तास चालतात इथपर्यंत विषय जाईल. येथे काळजी हवी. नकाशा जे दाखवतो तेच लिहावे. कारण मोजले नसेल, तर कारण लिहू नये.

नकाशाखाली अर्ध्या इंचाच्या अक्षरात तीनच वाक्ये पुरेत : ‘आम्ही जून ते मे दर महिन्याच्या १५ तारखेला मोजले. दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर घेतले. सर्व नोंदींची वही टेबलावर आहे.’ शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. तक्ता नाहीसा झालेला नाही, तो वहीत गेला आहे. ज्याला बाराही महिन्यांचे आकडे हवेत तो बसून पाहील. त्या मूळ पत्रकाजवळ नसलेली वही ती हीच.

शब्दांच्या निवडीबाबत एक शंका आपल्या मनात येईल. आजीबाई ‘हिर’ म्हणाल्या. मग पत्रकावर काय लिहावे? लेखनात ‘विहीर’ हेच प्रमाण रूप ठेवावे. ते वाचून ‘हिर’ म्हणणाऱ्याला कोणतीही अडचण येत नाही. मात्र जेथे बोलीत अर्थाचा भेद आहे, तेथे बोलीचाच शब्द घ्यावा. आड, विहीर आणि बारव या गावकऱ्यांच्या लेखी तीन निराळ्या गोष्टी आहेत. आड अरुंद असतो, बारवेला पाण्यापर्यंत उतरायला पायऱ्या असतात. या तिन्हींना ‘जलस्रोत’ म्हणून एका नावाखाली लोटले, तर प्रमाणभाषा साधत नाही, माहिती मात्र गमावते.

७.३.७ टांगणे आणि उभे राहणे

याविषयी थोडेच. पत्रकाचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर यावा. लहान मुलांसाठीचे पत्रक त्याहून खाली. चमकता फ्लेक्स किंवा लॅमिनेशन व्हरांड्यातल्या उजेडात आरशासारखे चकाकते, शिवाय त्याची विल्हेवाट लावणे अवघड असते. जाड कागद किंवा मांजरपाट कापड चांगले. चित्रे चिकटवायला पातळ खळ वापरल्यास कागद सुरकुततो. माहिती देणाऱ्या सदस्याने पत्रकासमोर नव्हे, बाजूला उभे राहावे आणि पाहणाऱ्याने विचारल्याशिवाय बोलू नये. पत्रक वाचू न शकणाऱ्यासाठी मात्र आपण होऊन पुढे व्हावे, आणि त्याची विहीर बोटाने दाखवावी.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न २

(अ) ‘जलस्रोत’सारखे, भेद पुसून टाकणारे तीन शब्द आपल्या परिसरातील फलकांवरून शोधा आणि त्यांच्याऐवजी गावात बोलले जाणारे शब्द लिहा.
(आ) आपल्या नावातील अक्षरे दोन इंच उंचीने लिहिल्यास २२ इंच रुंद कागदावर एका ओळीत मावतील काय, ते वरील पद्धतीने मोजा.

प्रश्न १ (अ) साठी सूचना : ‘गळती’ आणि ‘अभ्यास’ या नामांत क्रिया आहेत. ‘गळती’मागील क्रियापद शोधताना शाळा मुली ‘सोडतात’ की त्यांना ती ‘सोडावी लागते’, हा प्रश्न आपल्यापुढे येईल. उत्तर प्रकल्पाच्या नोंदींत असेल, तेच शीर्षकात यावे.

७.४ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा वस्तीतील एका मंडळाने केलेले कोणतेही सर्वेक्षण निवडा. त्यावर एक भित्तिपत्रक तयार करा आणि पहिला खर्डा दहा फुटांवर भिंतीला लावून, ज्यांच्याकडून माहिती घेतली होती अशा किमान तिघांना दाखवा. त्यांना काहीही समजावून सांगू नका. ते कोणत्या शब्दापाशी थांबतात, काय विचारतात आणि कोणता प्रश्न दोघांनी विचारला, हे त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. त्यानुसार दुसरा खर्डा तयार करा. संपर्कसत्राला येताना दोन्ही खर्डे आणि टिपणांची वही सोबत आणावी.